साबणाचं पाणी

सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात,
कॉम्प्रेसर मात्र चालू.
कुणासाठी? तिनं विचारलं.
मला उत्तर सुचलं नाही.

शाहीन बागवान. वीज मोजायला आलेली.
हातात चिमट्यासारखं मीटर, पिशवीत
रंगाचा जुना ब्रश, वाटीभर साबणाचं पाणी.
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
पत्र्याखाली चव्वेचाळीस अंश,
आणि ती पाइपच्या सांध्यासांध्याला
तीट लावावी तसा ब्रश टेकवत चाललेली.
सातव्या सांध्यावर फुगा आला.
मग अकराव्या. मग एकदम तीन.
विकत घेतलेला वारा
रात्रंदिवस फुस्स होत होता,
मागांच्या खडखडाटात ऐकणार कोण?

आजोबा, राजमल्लू येमूल, मिलच्या बॉयलरवर होते.
कोळसा फावड्यानं. मोजमाप नाही.
म्हणायचे, चिमणीनं काळं ओकलं
की पेठेत उधारी मिळते.
त्याच धुराला शाहीनच्या कागदावर नाव आहे:
न जळालेलं इंधन.
वाचलं, आणि आधी त्यांचा पगार आठवला.
खोकला नंतर.

सांधे बदलले. वाफेच्या नळ्यांना जाकीट घातलं
(सोलापुरात जाकीट! पोरं हसून हसून बसली).
रंगशाळेतलं गरम पाणी परत टाकीत.
तिसऱ्या महिन्यात बिल उतरलं,
भावानं ते मार्कंडेयाच्या फोटोपुढं ठेवलं
आणि वाचलेल्या पैशाच्या हप्त्यावर
दोन रेपियर माग आणले.

आता बिल पुन्हा तेवढंच.
टॉवेल दीडपट.
आणि मल्लेशम घरी, कारण नव्या मागांना
त्याच्याएवढी माणसं लागत नाहीत.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
शाहीन परत आली तेव्हा विचारलं.
तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं.
असा रकाना नाही, म्हणाली.
मग वर पत्र्याकडे बघून:
दक्षिणेला उतार आहे. पॅनेल बसतील.

ऊन. ज्याला आमच्या तीन पिढ्यांनी
फक्त शिव्या दिल्या.

काल सुट्टी. एकटाच शेडमध्ये गेलो.
कॉम्प्रेसर गप्प.
तरी वाटीत साबण कालवला,
सातव्या सांध्याला ब्रश लावला, थांबलो.
काही आलं नाही.
डोक्यावर पत्रा तापत होता,
टक्,
टक्,
कुणीतरी दारावर बोट वाजवावं तसा.