एकदल, होसान्नाजवळ

ज्याची डाळ होते ते द्विदल,
होत नाही ते एकदल:
एवढं सोपं असतं तर मेक्लित
आदिसहून पहाटेची बस धरून
होसान्नाच्या वरच्या गारठ्यात आली नसती,
पाठीवर रद्दी, पानं दाबायच्या दोन फळ्या.
वहीत तक्ता: गवतं, ताड, लिली, कांद्याचे भाऊबंद,
आणि अगदी खाली, केळीच्या घरात,
केळीसारखं दिसून केळं न देणारं
एन्सेट. फुलासकट नमुना: नाही.

अस्कालेच हसते. फूल?
ज्या घरात खाणारी तोंडं आहेत
तिथे एन्सेटला फुलू कोण देतं?
फुललं की बुंध्यातलं सत्त्व सगळं वर जातं,
एकदाच. मग झाड उभ्या उभ्या मरतं.
त्याआधीच आम्ही तोडतो, खरवडतो, खड्ड्यात पुरतो,
आंबलं की भाकरी.
रोपं गड्ड्याची. चिरायचा, शेण भरायचं,
भोवती पिल्लंच पिल्लं.
बी तर मी जन्मात पाहिलं नाही.

तिची वर्गवारी परसात उभी आहे:
लाल शिरेचं, काळ्या देठाचं,
मऊ ती बाई, चिवट तो बाप्या,
हाड मोडलं तर ह्याचा गड्डा, बाळंतिणीला त्याचा,
आणि एक सासूनं दिलेलं, त्याला नावच नाही.
मेक्लितच्या तक्त्यात ओळी संपतात.
जात एकच आहे हो सगळ्यांची, ती पुटपुटते.
असेल, म्हातारी म्हणते,
माझे चौघेही एकाच पोटचे.

पण ओढ्याच्या अंगाला एक फुललंय.
घागरीएवढं, मान टाकून.
शेजारणी नावं ठेवतात.
हांदिसोनं लावलेलं. त्याच पंधरवड्यात तो
दक्षिण आफ्रिकेला गेला, कुणाच्या तरी दुकानात.
पहिली दोन वर्षं फोन यायचे.
आता नववं.
अस्कालेच पुढे काही सांगत नाही,
विळा धुवायला घेते. धुतलेलाच असतो.

मेक्लित फळ आडवं कापते. तीन कप्पे.
काळं बी, दाताला न फुटणारं.
ह्याच्या आत एकच पान असतं, आई,
त्यावरून अख्ख्या गटाचं नाव.
दाखव की.
दिसत नाही ते. रुजलं तरी वर येत नाही.
आतच राहतं, बियातलं शोषून
बाहेर पडलेल्या कोंबाला पुरवत बसतं.
आपल्याला दिसतं ते त्याच्या नंतरचं.

बऱ्याच वेळानं म्हातारी मूठ उघडते.
चार तू ने.
पाच नेतेलाच्या टोकाला बांधते, गाठ दातानं ओढते.

रुजायला किती दिवस?
महिने लागतात. कधी रुजतच नाही.

चुलीवर कॉफी उतू जाते.
पाणी रोज घालायचं, ती विचारते,
की एकाआड?