शेपटाला

नॉरिचच्या बाजारापाशी, रविवारी, सव्वानऊला
आम्ही अकरा जण. मी मोजते तेव्हा दहाच भरतात,
मग हिल्डा ओरडते, "बाई, स्वतःला धर!"
आणि हशा पिकतो. ऑक्टोबरात हशाचीही वाफ दिसते.

आजपासून शेपटाला मी.
नारिंगी जाकीट सिरिलचं, खांद्यात ढगळ,
खिशात त्याचाच पाना आणि एक वाळकं बिस्कीट.
सिरिलचा गुडघा आता जिने मोजतो, मैल नाही.
जाकीट देताना तो एवढंच म्हणाला:
शेवटच्यानं वाट पाहायची,
पण पाहतोय असं दिसू द्यायचं नाही.
चेन बघ. पाखरं बघ.
बुटाची नाडी सोड आणि बांध.

शहर सुटतं. आधी दुकानं, मग कुंपणं,
मग नुसते बीटचे ढीग, चिखलानं माखलेले,
आणि गारगोट्यांची चर्चं, गोल मनोऱ्यांची,
पाच म्हाताऱ्या आणि वटवाघळांच्या भरवशावर उभी.
लोक म्हणतात, सपाट मुलूख, मजा आहे तुमची.
त्यांना काय सांगायचं!
इथं वारा हाच घाट.
त्याला माथा नाही, पलीकडचा उतार नाही,
वळण घेतलं तरी समोर हजर,
उधारी मागायला आल्यासारखा.

पुढून हाक येते: "खड्डा!"
तोंडातोंडातून मागे सरकत माझ्यापर्यंत पोचते
तेव्हा मी खड्ड्यात जाऊन बाहेरही आलेली असते.
मागून मोटार आली की आरंभ माझा.
ती हाक पार पर्सीपर्यंत जाते.
पर्सीचा डावा कान बंद,
तो मोटारीला हात हलवतो, शेजारीण भेटल्यासारखा.

जोडीजोडीनं चालवताना माणूस समोर बघून बोलतो,
म्हणून असेल, खरं बोलतो.
रीफमपासून पुढच्या गावापर्यंत
ग्वेंडानं अख्खा घटस्फोट सांगितला,
तीन मैलांत, एकाच गिअरवर.
मग म्हणाली, "बघ, ससा!"
आणि खरंच ससा होता.

चहाला थांबलो.
दहा कप.
मी स्वतःला धरलं होतं. तरी दहा.

ऑटिली नव्हती.
चौऱ्याहत्तर वर्षं, छोट्या चाकांची हिरवी सायकल,
आणि नकाशावर तिचा विश्वास नाही.
मी उलटी फिरले. दोन चौक, एक भुंकणारं कुत्रं,
पाटी कलंडलेली, बाण आभाळाकडे.
पोटात काहीतरी सायकलच्या पुढे पळत होतं.
सिरिलच्या बावीस वर्षांत
कुणी हरवलं नव्हतं.

एका फाटकापाशी टेबल,
सफरचंदांच्या पिशव्या, भोक पाडलेला डबा,
एक पौंड, विश्वासावर. माणूस कुणी नाही.
बांधावर ऑटिली. हनुवटी ओली,
टोपीत चार देठं ओळीनं मांडलेली.
"मला वाटलं, तुम्ही सगळे पुढे असाल."
"आहेत," मी म्हटलं,
आणि ब्रेक तपासायला वाकले.
ब्रेक उत्तम होते.
तिनं आणखी एक सफरचंद संपवलं, सावकाश,
बियांसकट.

परतताना घाट छातीवर.
शहर चार मैलांवर असताना
माझ्या मांड्यांनी राजीनामा दिला.
कॅथीड्रलचा कळस दिसत होता, जवळ येत नव्हता.
समोरच्या पाठी लहान होत गेल्या,
एकेक करून वळणाआड.
ओरडावं तर काय ओरडावं?
आमच्याकडे खड्ड्याला शब्द आहे, मोटारीला आहे,
याला नाही.
आणि शेपटामागे कोण असणार?
खिशातलं बिस्कीट काढलं. सिरिलचं. खाल्लं.

वळणाच्या पलीकडे
रस्त्याच्या कडेला हिरवी सायकल आडवी,
आणि ऑटिली तिच्यावर वाकलेली,
चेनकडे निरखून बघत.
ती चेन काल संध्याकाळी
मीच तेल घालून दिली होती.

"कुरकुरतेय गं," ती म्हणाली, वर न बघता.
मी कान दिला.
वारा होता, दूर एक ट्रॅक्टर होता.

"हो," मी म्हटलं, श्वास सापडल्यावर.
"कुरकुरतेय खरी."