सात मिनिटं उशीर

कवठेएकंद सोडलं आणि तिसऱ्या सीटवरचं बाळ रडलं.
माझं नव्हतं.
माझं तासगावात, सासूबाईंच्या मांडीवर,
वाटी-चमच्याशी भांडत असेल.
पण अंगाला कुठं कळतं कुणाचं रडणं?
'कुमठे फाटा दोन' म्हणत मी मशीनचं बटण दाबलं
आणि पान्हा फुटला.

खाकीवर ओल लगेच दिसत नाही,
तेवढेच खाकीचे उपकार.
आत रुमालाची चौपदरी घडी,
वरून पैशांच्या बॅगेचा पट्टा
नेमका दुखऱ्या गाठीवर.
पहाटे पाचला पाजून निघाले, आता साडेदहा.
छातीचा दगड झालाय म्हणतात बायका.
दगड दुखत नाही.

रजा संपून बावीस दिवस.
गेल्या आठवड्यात ताप भरला, तशीच दोन फेऱ्या केल्या.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर तीन तासांनी दूध काढायचं.
मी हो म्हणाले.
त्यांना गाडीचं वेळापत्रक काय सांगायचं.

सांगली स्टँडवर खोली आहे.
दारावर पाटी, पाटीवर रंगवलेली आई,
गोरी, निवांत. तिला पुढची ट्रिप नाही.
दाराला कुलूप.
किल्ली साहेबांकडं,
साहेब मीटिंगला.
बावीस दिवस साहेब मीटिंगलाच आहेत.

तिसऱ्या सीटवरची पोर उतरली, दाराशी घुटमळली.
एकोणीस-वीसची. पिशवीतून बाटली डोकावतेय, पावडरीची.
बरोबरची चुलतसासू मलाच सांगायला लागली,
'हिला दूधच न्हाई. आमच्यात सगळ्यांना हुतं.'
पोर पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

तेवढ्यात हौसाबाई लोंढे आल्या, हातात खराटा.
माझ्या शर्टाकडं एकदाच पाहिलं
आणि कनवटीची किल्ली काढली.
'तुमच्याकडं?'
'माझं झाडू असत्यात न्हवं आत.
सायबाकडं नुसती जबाबदारी.'

आत तीन झाडू, फिनेलचा कॅन,
बॅनरची गुंडाळी, एक खुर्ची.
खुर्ची पोरीला दिली. मी कॅनवर बसले, पाठमोरी.
खिडकीला हौसाबाईंनी पोतं अडकवलं
आणि चुलतसासूला चहाला घेऊन गेल्या,
ही सगळ्यात मोठी मदत.

'तू वाकू नको गं. त्याला वर आण.
पोटाला पोट लाव. थांब, घाई नको,
मोठा आ करू दे… आता.'
मला तरी कुठं येत होतं?
मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळीच्या एका नर्सनं
तीन वाजता, माझ्यावर न ओरडता, शिकवलं होतं.

'येतंय का पण?' ती.
'बोलू नको. ऐक.'
गुटुक.
मग पुन्हा, गुटुक.
पोर रडायला लागली, बाळ थांबलं नाही.

मी स्टीलचा पेला भरत होते.
निम्मा झाला, गाठ सैल पडली,
आणि मला माझ्या लेकाच्या टाळूचा वास आला,
पंचवीस किलोमीटरवरून.
पेला हौसाबाईंनी घेतला.
'पायदळी जाऊ नये,' म्हणाल्या,
आणि कडुनिंबाच्या बुडाशी ओतला.
मी तिकडं बघितलं नाही.

बाहेर ड्रायव्हर दस्तगीरमामा शिकलगार
बॉनेट उघडून उभे.
'गाडी तापलीय. सात मिनिटं.'
एक पैलवान गडी हात लावून म्हणाला, 'गार हाय की!'
'तू चालवतोस का मी?'
मला मामांनी कधी काही विचारलं नाही.
त्या दिवशीही नाही.
बेल दिली, तशी गाडी काढली.

कंट्रोलरनं लिहिलं: सात मिनिटं उशीर, कारण इंजिन.
खाली माझी सही आहे.

पोरीचं नाव विचारायचं राहिलं.
दुसऱ्या दिवशी खोलीत झाडू होतेच, कॅनही.
खुर्ची मात्र पुसलेली,
आणि तिच्यावर एक पेला,
पालथा.