तीन मीटर

कोपरखैरणेत, सेक्टर पाचमधल्या माझ्या गाळ्यात
औषधांच्या कपाटापासून वजनकाट्यापर्यंत
फरशीवर लाल चिकटपट्टी आहे.
बरोबर तीन मीटर. मीच मोजली, सुताराच्या टेपनं.
साठीपुढच्या प्रत्येकाला सांगते:
खुर्चीतून उठा, टोकापर्यंत जा, वळा, या, बसा.
माझ्या हातात मोबाईल, त्यात सेकंद पळतात.
लोक हसतात. परीक्षा आहे का, डॉक्टर?
आहे.

हिंदुराव पिसाळ. वय एकाहत्तर.
कांदा-बटाटा मार्केटात चौतीस वर्षं माथाडी.
मानेमागं अजून घट्टा,
बोट लावलं तर जुन्या चपलेच्या टाचेसारखा.
लिथियम चालू, सत्त्याण्णव सालापासून.
केसपेपरवर हे सगळं दोन ओळींत मावतं.

मार्चमध्ये एकोणीस सेकंद.
मेमध्ये चोवीस, तेही शेवंताबाईंनी
पाठीला हात लावला म्हणून.
जूनमध्ये आलेच नाहीत.
"उठतच नाहीत. अंघोळ म्हटलं की भिंतीकडं तोंड."
मी घरी गेले. बैठ्या घरावर चढवलेला तिसरा मजला,
जिना लोखंडी, शिडीच म्हणा.
त्या दिवशी वेळ लावली नाही.
त्यांचा पाय हातात घेतला, घोटा दाबून सूज पाहिली.
त्या महिन्यात तो पाय तेवढाच हलला.

ऑगस्टात अकरा.
सप्टेंबरात सात.

सात! मुलगा टाळ्या वाजवायचाच बाकी होता.
"बाबा सुधारले, मॅडम. पहाटे चारला उठतात,
खाडीपर्यंत जाऊन येतात, जिना दोन-दोन पायऱ्यांनी."

चार वर्षांपूर्वी याच आकड्यापुढं
मी 'उत्तम' लिहिलं होतं. खाली दोन रेघा.
त्याच आठवड्यात हे लिलावात उभे राहिले,
जिथं पोती वाहिली त्याच गाळ्यावर बोली लावली,
आणि टेम्पोभर कांदा दारात आला.
महिनाभर आख्ख्या लाइनीत, जिन्याजिन्यात
कोंब फुटलेला कांदा.
शेवंताबाईंचं मंगळसूत्र त्यात गेलं ते गेलंच.
मला कुणी काही बोललं नाही.
डॉक्टरला कोण बोलतं?

म्हणून यावेळी सात पाहिले आणि पोटात गोळा आला.
विचारलं, झोप किती?
"झोप आळशाची, ताई. मला पनवेलला जायचंय. चालत."
शेवंताबाई माझ्याकडंच बघत होत्या.
त्यांना माझ्याआधी कळलं होतं,
सकाळी चपला घालायच्या आवाजावरून.

रक्त तपासायला पाठवलं.
ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला,
बाहेर अकरा पेशंट खोकत असताना.
जाताजाता शेवंताबाई म्हणाल्या,
गुडघ्याला ती गोळी द्या ना, मेडिकलवाल्याची, गुण येतो.
म्हटलं, ती नको.
गुडघ्याची गोळी आणि ही गोळी एका घरात नांदत नाहीत.
ही रक्तात तुंबते, हात कापतो, तोल जातो.
तेल चोळा. पाणी भरपूर. मीठ एकदम तोडू नका.
त्यांनी मान हलवली,
सवतीच्या खोडी ऐकून घ्याव्यात तशी.

आज डिसेंबर. सतरा.
मी हसले. मुलाचं तोंड पडलं, "वाढले की हो सेकंद."
हिंदुराव पट्टीच्या टोकाशी थांबले होते.
"पाठीवर पोतं असलं की पाय आपसूक पडतो.
मोकळ्या माणसाला वळायचं अवघड."
खांद्यावरचा दुमडलेला टॉवेल सारखा केला,
मग वळले,
एकेक पाऊल, जणू कुणाचा माल सांभाळून.

रात्री शटर ओढण्याआधी पाहिलं,
पट्टी सुटलीय, नेमकी वळायच्या जागी.
दर दोन महिन्यांनी तिथंच सुटते.
खाली बसून नवी चिकटवली.
उठताना खुर्चीचा हात धरावा लागला.
मोजलं नाही.