रकाना: इतर

कुडचड्याच्या पालिका उद्यानात
माझं काम जमीन झाकण्याचं.
झाडं वनखात्याची, दिवे वीजखात्याचे,
घोट्याखाली जे काही हिरवं
ते माझ्या सहीचं.

चौरस मीटरला सोळा रोपं रिओ,
मंडो गवत पंचवीस,
वेडेलिया नऊ पुरे.
ती नावाप्रमाणंच वेडी.
दोन वर्षांत वाट ओलांडून सायकलस्टँडपर्यंत गेली,
पंक्चर होऊन पडलेल्या एका सायकलीच्या
आऱ्यांमध्ये शिरली
आणि तिथं पिवळी फुलली.
सायकल न्यायला कुणी आलं नाही.
मीही हलवायला सांगितलं नाही.

बाकांभोवती ऑफिस टाइम लावलाय.
दहाला उघडतो.
पालिकेत दहाला उघडणारं
तेवढं एकच खातं.

टाकीमागच्या पट्टीत मात्र काही टिकायचं नाही.
अकरा मीटर लांब, अडीच रुंद.
टाकी उतू गेली की चिखल,
ऊन तापलं की वीट.
तीनदा हिरवळ अंथरली, तीनदा बिल निघालं,
तीनदा माती वर आली,
लाल, जड,
खिशात लोखंड घेऊन फिरणारी माती.
आनाक्लेत खुरप्यावर टेकून म्हणाला,
"मातयेक विचार, हांगा कोण रावतलें तें."
मी निविदा उलटून पाहिली.
मातीला विचारायचं कलम नव्हतं.

मग वर्षभर ती पट्टी आम्ही विसरलो.
म्हणजे मी विसरले,
तो विसरल्यासारखं करत होता.

श्रावणातला शनिवार. फाटक लावायची वेळ.
टाकीमागं पाच-सहा बायका उकिडव्या बसलेल्या,
प्लॅस्टिकच्या पिशव्या,
एकीच्या मांडीवर पोराचा शाळेचा डबा, उघडा.
मी आवाज चढवला:
उद्यानातलं काही तोडायचं नाही!
"तोडत नाही हो," सुलक्षा फळदेसाय म्हणाल्या,
मागं न बघता,
"पत्री वेचतेय. उद्या आयतार."

आणि बोटानं दाखवत गेल्या
माझ्याच पट्टीतलं मला:
दूर्वा.
माका, पाणी प्यालेला.
आघाडा. हरणखुरी.
तेरडा अजून कळीत आहे, पुढच्या आयतारी होईल.
ही भुईआवळी, ही पत्रीत लागत नाही,
पण राहू दे तिला.
आईच्या वेळी हे सगळं बांधावर मिळायचं.
बांधाच्या जागी ट्रकांचा तळ झाला,
ट्रक गेले, काँक्रीट राहिलं.
आता चौथा मजला.
"तुळस विकत मिळते," त्या म्हणाल्या,
"तण कुठं मिळायचं?"

सोळा वर्षं मी हे सगळं
एकाच शब्दाखाली उपटून टाकलं होतं.
हजेरीपटावर नोंद आहे:
तण काढणे, दोन मजूर, अर्धा दिवस.

त्या रात्री फाटक वीस मिनिटं उशिरा लागलं.

कार्तिकात लेखापरीक्षक आले.
नकाशावर पट्टी कोरी.
इथं काय लावलंय?
मी 'इतर' असं लिहिलं.
संख्या?
मी आनाक्लेतकडे पाहिलं, तो टाकीकडे.
दर?
दर नाही, म्हटलं.
दर नसलेली गोष्ट त्यांना बसवता येईना,
म्हणून ते स्वतः बघायला उतरले,
इस्त्रीच्या पँटीनिशी, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
परत या टोकापर्यंत,
एकदा वाकलेसुद्धा.

आघाडा तेव्हा पिकून वाळलेला होता.

गाडीत बसताना त्यांच्या दोन्ही पायांना
गुडघ्यापर्यंत बी चिकटलेलं.
सांगावं का, मी क्षणभर घुटमळले.
आनाक्लेतनं हळूच माझ्या हातातली फाइल घेतली
आणि गाडीचं दार लावलं.

त्यांच्या कचेरीबाहेर, मडगावात,
सिमेंटच्या मोठ्या कुंड्या आहेत.
मी पाहिल्यात.
मातीनं भरलेल्या,
आणि बाकी रिकाम्या.