मौजे बर्फ, तालुका दुबई

मिरकरवाड्याला होतो तेव्हा बर्फ म्हणजे लादी.
पहाटे क्रशरमध्ये घालायची, भुगा फावड्याने ओढायचा,
बांगड्यावर एक थर, सुरमईवर दोन.
हिम हा शब्द होता, पण तो भूगोलाच्या पुस्तकात,
त्याला माशाचा वास नव्हता.

इथं मॉलच्या पोटात रात्री एक ते पाच
मी बर्फ पाडतो. जिलब्या पाडाव्यात तसा.
पाणी, दाब, वारा, उणे सात.
भिंतीपलीकडे ऑगस्ट, मध्यरात्रीही अडतीस,
बसथांब्यावर चपलेचा तळ डांबराला धरून राहतो.

ती पाचला यायची, दुकानं उघडायच्या आधी.
मौझा.
नाव ऐकून मनातल्या मनात हसलो होतो,
आमच्याकडे हे सातबाऱ्यावर असतं, मौजे अमुक, तालुका तमुक.
आई काचेपलीकडे, अबायावर भाड्याचं जाकीट,
पुढ्यात गहव्याचा थर्मास.

आमच्या डोंगराला छप्पर आहे, आग विझवायचे नळ आहेत.
वरून खाली चोवीस सेकंद.
मग भिंत, भिंतीवर रंगवलेली सूचिपर्णी झाडं.
खरा डोंगर मिनिटभर तरी पुरतो म्हणे.
म्हणून ती भिंतीपाशी थांबायची, डोळे मिटायची
आणि उरलेला डोंगर उभ्या उभ्या उतरायची:
गुडघे डावीकडे, उजवीकडे, मुठी पुढे,
ओठांत फाटकं मोजत.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं,
पोरीच्या अंगात आलंय.

माझ्या पाळीला तेंडी शेर्पा. त्याच्या घरामागे खरे डोंगर.
तो म्हणाला, आमच्याकडे बर्फ मुबलक,
घसरायला वेळ कुणाला आहे?

फेब्रुवारीत ती गेली.
पथसंचलन आम्ही कंप्रेसरच्या खोलीत पाहिलं,
मोबाइल ग्लायकॉलच्या पाइपाला टेकवून.
मोठे देश वऱ्हाडासारखे आले, संपता संपेनात.
मधेच एखादा झेंडा, मागे तिघं. दोघं.
एका बेटाचा तर एकटाच,
झेंडा त्याच्याच हातात, हात हलवायचा तोही त्यानेच.
याच्या मागे कोण, तेंडीने विचारलं.
मागे पुढच्या देशाची पाटी.
मौझाचा देश सात सेकंद दिसला.
मी मोजले. सवय आहे.

शर्यतीत तिचा नंबर शहाऐंशी.
तोवर पदकवाल्यांच्या मुलाखती होऊन गेल्या,
डोंगराला बैलगाडीच्या रस्त्यासारख्या चाकोऱ्या पडल्या,
आणि चॅनेलने दुसराच खेळ लावला.
ती उतरत होती तेव्हा आम्ही दोघं
झाडूने बर्फ झाडणारी माणसं बघत बसलो होतो.

नंतर यादी आली.
शेवटून तिसरी. पहिलीच्या मागे
चोवीस सेकंद आणि वर काही शतांश.
तेंडी चुकचुकला.
मी बोललो नाही. चोवीस सेकंद म्हणजे
आमचा अख्खा डोंगर,
वरच्या दारापासून रंगवलेल्या झाडांपर्यंत.
तेवढाच कमी पडला.

परत आली ती नाकाची साल काढून.
कसं झालं विचारलं तर खांदे उडवले.
मग बूट आवळता आवळता, मालिकांतून शिकलेल्या हिंदीत म्हणाली,
तिथं बर्फाला आवाज आहे.
इथं नुसते तुमचे पंखे.

त्या रात्री तीन दहाला मी सगळे पंखे बंद केले.
मिनिटभर.
आधी छपराचा पत्रा बोलला, मग नळीतलं पाणी.
मग काहीतरी बारीक,
टोपलीत भुग्याखाली बांगडा दडपताना व्हायचं तसं,
की ते माझ्याच कानातलं, सांगता येत नाही.
तापमान अर्ध्या अंशाने चढलं.
नोंदवहीत वेळ लिहिली, अंश लिहिले, सही केली.
कारणाचा एक रकाना असतो.
तो कोरा ठेवला.