तिसरी बाही

शुवैखमधल्या टायरच्या दुकानात मी हिशेब लिहिते.
सहा वर्षं झाली.
रबराचा वास आता केसांतून जात नाही,
शिकेकाईनंसुद्धा नाही.

खातेवहीत एक नाव दर महिन्याला खटकायचं:
लुलवा. गाडीचा नंबर नाही.
माल: फाटक्या ट्यूब, चाळीस नग.
बाकी: चौदा दिनार अडीचशे फिल्स.

फाटक्या ट्यूब कोण विकत घेतं?
मालक म्हणाले, तूच जा वसुलीला,
बाईमाणूस बाईमाणसाला हाकलत नाही.

मग ऑगस्टातल्या भर दुपारी,
सायलेन्सरवाल्याच्या मागे,
दोन गॅरेजांमधल्या फटीत
एक शटर. पाटी नाही. अर्धंच उघडलेलं.
वाकून आत जावं लागतं.
देवळात शिरावं तसं, असं म्हणणार होते,
पण आत एसी होता
आणि शिवणयंत्राची घरघर.

छतापासून लोंबणाऱ्या साखळीवर सहा कपडे.
सहाच!
आमच्याकडे बस्त्याला बसलं की
दुकानदार साठ साड्या उलगडतो आणि घाम पुसतो.

एक कोट ट्यूबचा.
गळ्याशी बटणाच्या जागी व्हॉल्व्ह तसाच ठेवलेला,
शिवणी सगळ्या बाहेर, दोरे लोंबते.
आई असती तर तिनं आधी कात्री मागितली असती.

वडील इचलकरंजीत मागावर जॉबर.
खोट असलेलं कापड घरी यायचं,
कुठे ताणा तुटलेला, कुठे तेलाचा डाग.
आईनं ती खोट जन्मभर
काखेत लपवली, नेफ्यात लपवली.
दिवाळीच्या फोटोत आम्ही तिघी बहिणी
हात अंगाशी घट्ट धरून उभ्या आहोत,
कवायतीला उभ्या असाव्यात तशा.

इथे खोट छातीवर होती.
आणि कोटाला बाह्या तीन.

लुलवा पायांत प्लास्टिकच्या सपाता घालून आली,
अरबी, इंग्रजी आणि तोंडातल्या टाचण्या
अशा तिन्हींतून बोलत.
तिसरी कुणासाठी, मी विचारलं.
ज्याला हात कमी पडतात त्याच्यासाठी, म्हणाली.
मशीनवरचा सेल्वराज, तिरुपूरचा, मान वर न करता म्हणाला:
मला वाटलं, मापात चुकलो.
रात्री बसून उसवून टाकली.
सकाळी हिनं पुन्हा जोडायला लावली.

घालून बघ, ती म्हणाली.
वसुलीला आलेल्या माणसानं
असं काही करू नये.

आरशात रबराच्या वासाची एक बाई.
कपडा आणि वास
पहिल्यांदाच एकमेकांना शोभत होते.

किंमत: माझे साडेतीन पगार.
मी हसले, तीही हसली,
कोट पुन्हा साखळीवर गेला.

पैसे तिनं सुटे मोजून दिले,
पन्नास फिल्सची नाणी सेल्वराजच्या डब्यातून.
मग कापणीच्या खाकी कागदाचा तुकडा घेऊन
शिंप्याच्या खडूनं त्यावर गाव काढलं,
मी सहा वर्षांत न पाहिलेलं:
सालमियात खुबूसच्या भट्टीवर, दुसऱ्या मजल्यावर
दोघे भाऊ, कापड खाऱ्या वाळूत पुरून रंगवतात;
शर्कमध्ये बॅटरीवाल्याच्या वर एकजण,
नाव नाही, खालून हाक मारायची;
हवल्लीत एक विधवा, बाह्या न कापता सदरे शिवते,
फक्त मंगळवारी, इशाच्या नमाजानंतर,
बेल तीनदा.

वहीत मी जमा लिहिलं.
मालक म्हणाले, शाबास.
काय करते ती एवढ्या ट्यूबांचं?
पंक्चर काढते, मी म्हणाले.

आज मंगळवार.
फरवानियाच्या खोलीत कुडता उलटा करून घातला,
शिवणी वर.
उलटे कपडे घातले की वाट चुकते, असं आजोळी म्हणायचे.
बस बरोबर लागली.
कागदावरचा खडू घामानं निम्मा पुसलाय,
जिन्यात वेलचीचा वास आहे,
आणि काखेतला तेलाचा डाग, तोच तो,
खांद्यावर लावून घेतलेला,
बल्बच्या उजेडात छान दिसतोय.

दोनदा बेल वाजवली आहे.